अकरा सेकंद

जिना चढून आल्यामुळे शंकासुराला धाप लागली होती, तरी खुर्चीत टेकण्याआधी त्याने तो फोन धाकटीच्या टेबलावर ठेवला.

“बाहेर चहाला गेलो होतो. फाटक ओलांडलं आणि हा उघडा पडला. अकरा सेकंद.”

शंकासुर हे कंपनीने ठेवलेलं नाव; तो तिथला तपासनीस. चुका शोधण्याचाच पगार घेतो, त्यामुळे त्याचं बोलणं सहसा कुणी मनाला लावून घेत नाही. धाकटीनेही आधी हसण्यावारी नेलं. त्यांचं व्हीपीएन अ‍ॅप तीन वर्षं लोकांच्या फोनमध्ये होतं. फोन कुठून बोलतोय हे जगाला कळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

“पुन्हा करून दाखव.”

तो पुन्हा फाटकाबाहेर गेला. या वेळी तीही सोबत होती; पुन्हा अकरा सेकंद.

फोनला बाहेर पडायला दारं बरीच असतात: घरचं वायफाय, सिमकार्डाचं नेट, आणि अ‍ॅपने स्वतः तयार केलेला चोरबोगदा. त्यातलं खरं दार कोणतं हे अ‍ॅपने ओळखायचं असतं. ओळखण्याचा तो भाग धाकटीने लिहिला होता. यादीत जे पहिलं चालू दिसेल तेच खरं, असं ती तेव्हा घाईत धरून चालली. खुर्चीत बसून तपासलं की पहिलं नेहमी वायफायच असायचं. आणि सगळ्यांनी तपासलं ते खुर्चीत बसूनच. फोन हातात घेऊन दाराबाहेर पडायचं कुणाला सुचलंच नाही. वायफाय सुटलं की यादीत पहिला यायचा तो बोगदाच; अ‍ॅप स्वतःच्याच पोटात शिरायला बघायचं, गोंधळायचं, आणि तेवढा वेळ फोन उघड्यावर बोलायचा. वर अ‍ॅप चालू असल्याचं किल्लीचं चिन्ह मात्र जागच्या जागी.

फाटकापाशीच धाकटीने थोरल्या बहिणीला, ताईला फोन लावला.

नवऱ्याचं घर सोडताना ताईने मुलीला बरोबर घेतलं होतं आणि गाव धाकटीखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीच्या लहानपणीचे सगळे फोटो मात्र नवराबायकोच्या सामायिक खात्यात होते आणि ते तिला सोडवत नव्हते. फोन ते खातं आपोआप सारखं उघडायचा, आणि कुठून उघडलं याची यादी दोघांनाही दिसायची. धाकटीनेच तिच्या फोनमध्ये अ‍ॅप घालून दिलं होतं. किल्ली दिसतेय तोवर निर्धास्त राहा, म्हणाली होती.

“ताई, फोटोंचं खातं उघड. कुठून उघडलं ती यादी वाच.”

“परदेशातलंच गाव आहे सगळीकडे. तू म्हणालीस तसं.” ताई वाचत गेली. मग थांबली. “मध्येमध्ये इथलं आहे. रोज आठ दहाला. आम्ही शाळेला निघतो तेव्हा.”

“आधीच्या गावाचंही आहे?”

“आहे.”

ताई हळू आवाजात बोलू लागली.

“तिथे शाळेच्या फाटकाशी उभे होते हे. मागच्या वर्षी. म्हणून मी एका दिवसात गाव सोडलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“गाव फक्त तुला माहीत होतं गं. मला वाटलं, दाजींनी रडून दाखवलं असेल आणि तू विरघळलीस. वर्षभर मी तुझ्याशी वरवरचं बोलले. म्हणजे ती तू नव्हतीस. बरं झालं कळलं, बाई.”

शंकासुर दोन पावलं बाजूला जाऊन उभा राहिला होता. धाकटीला एवढ्यावर थांबता आलं असतं. अ‍ॅप शंभर हातांनी लिहिलेलं असतं. कुणी विचारलं नसतं.

“मीच होते, ताई. घराबाहेर पडलं की अ‍ॅप अकरा सेकंद तुझं गाव उघडं पाडतं, आणि तो भाग मी लिहिलाय.”



“शाळा सुटायला वीस मिनिटं आहेत,” ताई म्हणाली. “तिला घ्यायला निघते. फोन घरीच ठेवते.”