न वाजणाऱ्या बाटल्या

माझी बायको शुवाई शनिवारी सकाळी गेली. आणि त्याच दिवशी दुपारी कळलं, की आमच्या अख्ख्या गटाच्या गोळ्याही गेल्या.

ती शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यातून परतली होती. शनिवारी सकाळी अंगणात शेंगा फोडत बसली. "डोकं जड झालंय हो," म्हणाली आणि भिंतीला टेकली. मी पाणी आणेपर्यंत संपलं होतं. आमचा तो आजार नव्हता तो. त्याला तिने केव्हाच वठणीवर आणलं होतं. डोक्यातली नस फुटली असणार, असं नंतर नर्सबाई म्हणाल्या. गोळ्यांची पिशवी तिने आल्याबरोबर कुठेतरी लपवली होती. कुठे, ते तिलाच ठाऊक.

लोक येऊ लागले. पहिला आला टोगारा. हा आमच्या घराचा थट्टेचा सोयरा. त्याच्या आजोबांनी आमचे मुडदे पुरले, आमच्यांनी त्यांचे, तेव्हापासून त्याला आमच्याकडे काहीही बोलायची मुभा आहे. मयताला तर त्याने बोललंच पाहिजे. तो फाटकापासूनच ओरडत आला, "शुवाई! अगं मला न सांगता निघालीस? रस्ता तरी माहीत आहे का तुला? बाजारात जाताना चुकतेस तू!"

बायका रडता रडता हसल्या. मग तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"गरिकाईच्या बापा, फार वाईट झालं."

"हो."

"फार म्हणजे फारच."

"हो रे."

तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "आणि पिशवी कुठंय?"

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. तेव्हा मला पहिल्यांदा त्या पिशवीची आठवण झाली.

नंतर इरेनी आली. ही गावाच्या टोकाला बिअर गाळते. ती माझ्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. खरंच रडली, शुवाईशिवाय तिला कुणी नव्हतं. पण हुंदक्यांच्या मध्ये माझ्या कानात म्हणाली, "माझी बाटली आज सकाळीच संपली, भावजी."

आमचा गट असा आहे, सगळे एचआयव्हीवाले. दवाखाना लांब. सगळ्यांनी जाऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे शेतातला दिवस बुडतो. म्हणून दर तीन महिन्यांनी एकाने जायचं आणि सगळ्यांचं आणायचं. प्रत्येकाची एक बाटली, रोज एक गोळी घ्यायची ती. काहींना सोबत मोठ्या पांढऱ्या गोळ्या, छातीत न्यूमोनिया धरू नये म्हणून. इरेनीला क्षयाला लांब ठेवायच्याही होत्या. या वेळी पाळी शुवाईची होती.

बाटल्यांची एक खोड आहे. त्या वाजतात. ट्रकमधून उतरून चालायला लागलं, की पिशवी खुळखुळते, आणि ज्याला कान आहेत त्याला कळतं कोण काय घेऊन आलं. शुवाईला ते चालायचं नाही. ती दवाखान्यामागे झाडाखाली बसायची आणि प्रत्येक बाटलीत कापूस कोंबायची. आमच्या गोक्वेत कापसाला काय तोटा! तिच्या बाटल्या कधी वाजल्या नाहीत. घरी आल्यावर ती त्या लपवायची, आणि दर वेळी जागा बदलायची. मी विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला सांगितलं, की टोगाराला कळलं. टोगाराला कळलं, की बिअरला कळलं. बिअर इरेनीकडेच मिळते, म्हणजे गावाला कळलं."

शनिवार होता. दवाखाना सोमवारी उघडणार होता आणि तिकडे जाणारा ट्रक मंगळवारशिवाय नव्हता. माझ्या बाटलीत थोड्या उरल्या होत्या. औषध एकच, म्हणून मी इरेनीला एक दिली, टोगाराला एक. मग माझ्याकडेही फक्त त्या रात्रीपुरतीच राहिली. नर्सबाईंनी आम्हाला पहिल्या दिवशीच बजावलं होतं: विषाणू आत झोपलेला असतो, मेलेला नसतो. गोळ्या चुकत गेल्या की जागा होतो, आणि जागा झाला की या गोळीला जुमानत नाही. या गोळ्या नव्हत्या तेव्हा आमच्या गावात सुतार फक्त शवपेट्या करायचा. खुर्ची हवी असली तर थांबावं लागायचं. आम्ही ते दिवस पाहिलेत.

तेव्हा शोधायला लागलो. म्हणजे मी बसलो होतो, कारण मयताच्या घरच्याने हिंडायचं नसतं. टोगारा शोधत होता. धान्याच्या कोठारात बघितलं. पलंगाखाली बघितलं. आमच्या मुलाच्या, गरिकाईच्या, जुन्या शाळेच्या पेटीत बघितलं. कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला आणि बोंबलत बाहेर आला.

"सापडली?" मी विचारलं.

"कोंबडी सापडली. तिला मी सापडलो."

राहिली एकच जागा, स्वयंपाकघर. शुवाईची झोपडी. तिथेच तिला निजवलं होतं, मागच्या भिंतीला मातीची फळी आहे तिच्यासमोर. फळीवर तिची मडकी. आणि नेमकं तिथेच कुणाचं काही चालत नव्हतं, कारण मामा आले होते.

मामा म्हणजे शुवाईचे थोरले भाऊ, झिवानाई. आमच्यात बायकोचा भाऊ हा सासराच. त्यांच्यापुढे जावयाने उकिडवं बसायचं, टाळ्या वाजवून मगच बोलायचं आणि मान वर करायची नाही. बाईची मडकी बाईची असतात. बाई गेली की मडकी माहेरची. नवऱ्याने नांगर बघावा, गुरं बघावीत, मडक्याला बोट लावलं तर तिचा आत्मा पुढे कुणाला सुखाने राहू देत नाही. मामा आले ते स्टूल घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारातच बसले. चर्चमधले मानकरी माणूस, टाय कधी सुटत नाही. आमच्या गोळ्यांचं त्यांना काही माहीत नाही, असंच मी धरून चाललो होतो. भावाला सांगितलंय असं शुवाई मला कधी म्हणाली नव्हती. ती असताना जे सांगितलं नाही ते तिच्या प्रेतासमोर मी कसं सांगणार?

तरी मी गेलो. बसलो. टाळ्या वाजवल्या.

"मामा."

"बोला जावई."

"स्वयंपाकघरात जरा..."

"भूक लागली?"

"नाही मामा."

"मग स्वयंपाकघरात तुमचं काय आहे?"

मी विचार केला. इतक्या वर्षांचा संसार, पण खरंच तिथे माझं काही नव्हतं. एक चमचासुद्धा नव्हता. "काही नाही, मामा," म्हणालो, टाळ्या वाजवल्या आणि परत आलो.

"काय म्हणाला?" टोगाराने विचारलं.

"भूक लागली का म्हणाला."

"मग हो तरी म्हणायचंस! मूर्ख जावई!"

रविवारी सकाळी शवपेटीची वाट बघत सगळे अंगणात बसले होते. इरेनी माझ्याकडे बघत नव्हती. टोगाराचे विनोदही संपत आले होते. आणि तेव्हा माझी सून नेत्साई घराच्या मागून आली.

आमच्यात मयताला सुनेने सासूची नक्कल करायची असते. जितकी नक्कल चांगली तितकी सून गुणाची. नेत्साई तशी बोलत नाही. गरिकाई दक्षिण आफ्रिकेत कामाला, ही आमच्याकडे, दिवसभर खाली मान. पण त्या दिवशी ती शुवाईचा निळा झगा घालून आली, वर उलटा घातलेला स्वेटर, डोक्यावर तिची फाटकी हॅट, आणि चालली अशी, की मी बसल्या जागी अर्धा उठलो. डावा खुबा जरा बाहेर टाकून. अगदी तशीच.

"ए शेळ्यांनो!" ती शुवाईच्या आवाजात ओरडली. "तुमच्या बापाचं शेत आहे का ते? आणि तुमचा बाप बसलाय बघा कसा, पाव्हण्यासारखा!"

बाप म्हणजे मी. सगळे हसले. ती माझ्यापुढे येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रेडिओवर बातम्या लागल्या. गोळी घेतली?"

सगळ्यांसमोर विचारलं. मी मामांकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होते.

"घेतली," मी म्हणालो.

"जीभ दाखवा."

"अगं, घेतली ना!"

"जीभ!"

शुवाई रोज हेच करायची. मी जीभ दाखवली. बायका लोळायच्या बाकी राहिल्या. टोगारा म्हणाला, "बघा, जिवंत असताना सोडलं नाही, मेली तरी सोडत नाही!" मीही हसलो. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग नेत्साईने एक रिकामी पिशवी झग्याखाली खुपसली, पोटाशी धरली, आणि दवाखान्यातून परत आलेली शुवाई झाली. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. कोंबड्यांना म्हणाली, "काय बघता? कुणाला सांगितलंत तर आज मक्याच्या सादझासोबत तुम्हीच ताटात!" आणि पाय न वाजवता स्वयंपाकघराकडे गेली. दारातल्या मामांना वळसा घातला, जणू तिथे स्टूलच नाही, कुणी बसलेलंच नाही. आत गेली. सगळे दाराशी गोळा झालो.

शुवाई निजलेली होती. तिच्या डोक्याशी फळी. नेत्साईने फळीवरच्या सगळ्यात मोठ्या मडक्याकडे हात नेला, ज्यात आम्ही पेरणीचं बी ठेवतो, आणि तिथेच थांबली. हात हवेत.

दाराशी हसणारे एक पाऊल मागे सरले.

मामा उठले. दारातून आत वाकून म्हणाले, "सूनबाई. ते मडकं माझ्या बहिणीचं आहे."

नेत्साईने मागे वळून बघितलं. मला वाटलं आता ती खाली बसेल, टाळ्या वाजवेल, माफी मागेल. पण ती हॅट सारखी करून शुवाईच्याच आवाजात म्हणाली, "अरे झिवानाई! दादा! कधी आलास? बस ना. कुणाचं मडकं म्हणालास?"

टोगाराला तेवढंच पुरे होतं. तो हात वर करून ओरडला, "ऐकलंत? शुवाई विचारतेय, मडकं कुणाचं! माझंच की म्हणते! आपल्या मडक्यात आपण हात घालायला कुणाला विचारायचं?"

सगळे मामांकडे बघत होते. मामा त्या झग्याकडे बघत होते. मग निजलेल्या बहिणीकडे. टायची गाठ सारखी केली, आणि म्हणाले, "नाही बाई. तुझंच आहे. काढ."

नेत्साईने हात घातला. मक्याचे दाणे इकडेतिकडे सांडले. पहिली बाटली बाहेर आली, वाजली नाही. ती चिठ्ठीवरचं नाव वाचून देऊ लागली.

"टोगारा! म्हाताऱ्या, ही घे. घराची किल्ली हरवतोस तशी हरवू नको."

टोगाराने दोन्ही हातांनी घेतली.

"इरेनी! या रोजच्या, या पांढऱ्या, आणि या क्षयाच्या. बिअर विकायची, प्यायची नाही. प्यायचीच असेल तर मला दिसेल अशी प्यायची नाही."

इरेनी रडत रडत "हो गं बाई, हो गं बाई" करत राहिली. एकेकाची निघाली. लोकांना कळलं, कोण कोण गटात आहे ते. पण कुणी तोंड वाकडं केलं नाही. शुवाईच देत होती ना. तिला कोण बोलणार?

माझी आली. "घ्या. आणि झोपायच्या आधी."

मी बाटली उघडायला लागलो, बोटाने कापूस ओढू लागलो. तेव्हा मागून मामा म्हणाले, "असा नाही निघायचा तो. चिमटीत धरून पिळा. आणि ती मोठी पांढरी उपाशीपोटी घेऊ नका, मळमळतं."

आम्ही सगळे मागे वळलो.

मामा स्टुलावर बसले होते, नजर समोर फाटकाकडे. "काय बघता?" म्हणाले. "मलाही गोळ्या घ्यायला शिकवलं ते शुवाईनेच."

टोगाराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मामा म्हणाले, "तू गप्प बस." आणि तो बसला. आमच्या गावात हे कुणी याआधी पाहिलं नव्हतं.

मडक्यात शेवटी एक बाटली राहिली. नेत्साईने ती काढली, नाव वाचलं आणि तशीच उभी राहिली. नक्कल तिथे संपली. शुवाईला शुवाईने कशी हाक मारायची? तिने हॅट काढली. परत आमची नेत्साई झाली, खाली मान घालून. बाटली मडक्यात ठेवली आणि वर दाणे ओतले.

पेटी आली. आम्ही तिला पुरलं.

संध्याकाळी मी नेत्साईला विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो, बाबा. स्वयंपाकघराच्या भिंतीच्या फटीतून दिसतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. मग चुलीत लाकूड सरकवत म्हणाली, "आणि मी सांगितलं असतं, तर मामांना नाही म्हणावंच लागलं असतं. आईंना ते नाही म्हणणार नव्हते."

मामांनी जाताना मडक्यांवर तिची शाल बांधली. कापूस वेचून झाला की ते परत येतील, तिच्या वस्तू वाटतील, तोपर्यंत शालीला कुणी हात लावायचा नाही. पुढची दवाखान्याची पाळी माझी होती. मी गेलो, सगळ्यांचं घेऊन आलो, झाडाखाली बसून बाटल्यांत कापूस भरला. माझा नीट बसत नाही, चालताना जरा खुळखुळतं. नर्सबाईंनी विचारलं, शुवाईची बाटली परत आणली का. मी म्हणालो, शालीखाली आहे.

कापूस वेचून झाला. मामा अजून आलेले नाहीत. तिची बाटली बियाण्याच्या मडक्यातच आहे, आणि ती परत द्यायची राहिली आहे.