अठ्ठावीस ऑगस्टची नारळी पौर्णिमा

डिसेंबरात वाणी नवं कॅलेंडर देतो तेव्हा बाकीच्या बायका आधी सुट्ट्या बघतात. मी ऑगस्ट उघडते. नारळी पौर्णिमा कुठे आलीय, अठ्ठावीस तारीख कुठे आहे, दोन्हींच्या मध्ये किती चौकोन आहेत, हे बघितल्याशिवाय माझ्या घरात कॅलेंडर भिंतीवर चढत नाही. या खेपेला दुकानातच पान उघडलं आणि तेच धरून उभी राहिले. अठ्ठावीस तारखेच्याच चौकोनात नारळ छापला होता. वाणी म्हणाला, "काय मावशी, सुट्टी रविवारी आली का?" मी कॅलेंडर गुंडाळून काखेत मारलं.

पौर्णिमेला माझ्या नवऱ्याचं, शिवाचं, श्राद्ध असतं. अठ्ठावीसला माझ्या मुलीचा, समीक्षाचा, वाढदिवस. श्राद्ध तिथीने करायचं, वाढदिवस तारखेने. सगळ्यांच्या घरी असंच असतं आणि त्याच्याच जोरावर मी इतकी वर्षं निभावून नेली. कारण खरी गोष्ट अशी की दोन्ही एकाच दिवशी झालं. तेव्हाही नारळी पौर्णिमा होती आणि तेव्हाही अठ्ठावीस ऑगस्ट. पनवेलच्या हॉस्पिटलात मला मुलगी झाली. शिवा करंजाच्या बंदरावर होता. नारळाची मिरवणूक सोडून तो मोटरसायकलने तिला बघायला निघाला आणि गव्हाण फाट्याजवळ उलट्या बाजूने आलेल्या कंटेनरने त्याला उडवलं.

समीक्षा दुसरीत असताना आम्ही करंजाला एका हळदीला गेलो होतो. तिथे एका बाईने, तिचं नाव घेऊन मी माझं तोंड खराब करणार नाही, पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हीच ना गो ती, बापाला खाऊन आयलेली?" परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत पोरीने विचारलं, "आई, मी पप्पांना खाल्लं?"

घरी आल्यावर मी तिला कॅलेंडरसमोर उभी केली. "ही बघ पौर्णिमा. आनि हा तुझा वाढदिवस, खाली. पप्पा आदी गेले, तू मागनं आलीस. मोज दिवस." तिने बोट ठेवून मोजले. "मग मी नाही खाल्लं," ती म्हणाली आणि खेळायला पळाली.

मी खोटं बोलले. वेळ आली तर पुन्हा बोलेन. त्याच संध्याकाळी सासूला, सोनाबाईला, बजावलं की त्या दिवसाचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. एकुलता एक मुलगा गेल्यापासून ती बोलायचीच कमी, आणि नातीकडे टक लावून बघताना तिच्या मनात काय चालतं याचा मला कधी पत्ता लागला नाही. भीती मात्र कायम वाटायची. वाटायचं, एक दिवस हीसुद्धा त्या बाईसारखं बोलेल. शाळेचे, कॉलेजचे सगळे फॉर्म मीच भरले. शिवाच्या मरणाचा दाखला माझ्या कपाटातून कधी बाहेर आला नाही. पौर्णिमा बहुतेक वर्षी वाढदिवसाच्या आधी यायची. अधिक महिन्यामुळे एकदोनदा मागे पडली, पण तेव्हा पोरीच्या काही ध्यानात आलं नाही.

यंदा मात्र एकच चौकोन. जानेवारीपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आधी मी ते कॅलेंडर काढून बँकेचं लावलं, डोंगर आणि फुलांचं. दोन दिवसांत सासू म्हणाली, "ह्याच्यात एकादशी कुठं हाय?" आणि जुनं पुन्हा खिळ्यावर आलं. मग मी मार्केटात बसल्या बसल्या योजना करायला लागले. समोर गिऱ्हाईक उभं, हातात कोयता, आणि मी पापलेटाचे तुकडे करायचे सोडून पौर्णिमेचा विचार करतेय. एका बाईला बोंबिलाऐवजी मांदेली बांधून दिली. तिने दुसऱ्या दिवशी येऊन माझी खरडपट्टी काढली. मीही सोडली नाही तिला.

आषाढात सासूला म्हटलं, "आई, ह्या वर्साचं आपन पितृपक्षात करू. सगल्यांचं तवाच असतं."

"त्याला ठाव हाय कवा येवाचं ते," ती म्हणाली. "मी काय सांगू, उद्या ये?"

मग समीक्षाकडे वळले. ही मुलगी वर्षभर अलिबागला जाऊ, माथेरानला जाऊ म्हणून माझं डोकं खाते. मी आपणहून म्हटलं, "वाढदिवसाला जा मैत्रिणींबरोबर, राहून ये." ती कॅलेंडराकडे बघत हसली. "वेडी आहेस का? यंदा पप्पांचं जेवण पण त्याच दिवशी आहे. पप्पा फर्स्ट टाइम माझ्या बर्थडेला येणार, आणि मी माथेरानला जाऊ?"

ते वाक्य मला रात्रंदिवस टोचत राहिलं. तिला चिडून म्हटलं, श्राद्ध म्हणजे बर्थडे पार्टी नाही. ती तोंड पाडून आत गेली. ज्या पोरीसाठी हा सगळा आटापिटा, तिच्यावरच मी वर्षाच्या सुरुवातीपासून फिसकारत होते. सकाळी वाटायचं आज सांगून टाकावं, संध्याकाळी वाटायचं मेले तरी सांगणार नाही. सातवीआठवीतल्या पोरी स्वतःला कशाकशाचा दोष लावून घेतात ते मी शेजारीपाजारी बघितलंय. एकोणीसची झाली म्हणून काय झालं, काळीज तेच ना?

तो दिवस उजाडला. पहाटेपासून समीक्षाचा फोन वाजत होता आणि मी वडे तळत होते. नारळी भात, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, सगळं पानात वाढून आम्ही सासूसुना बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. आमच्यात पान उघड्यावर ठेवतात. कावळा शिवला की मग घरातली माणसं जेवतात. तो येईना, तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजायचं आणि ते ओळखून मोठ्याने कबूल करायचं. शेजारच्या सोसायटीच्या टाकीवर तीन कावळे बसले होते. आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

"शिवा, पोरीला शिकवतेय," मी म्हटलं. "तिला मासे विकाया लावनार नाय." कावळे हलले नाहीत. "तुझ्या आयशीला नीट बघेन." तरी नाही. ऊन चढायला लागलं. मी एकदा पानाकडे, एकदा जिन्याकडे बघत होते.

जिन्यातून समीक्षा अनवाणीच वर आली. हातात फोन होता आणि चेहरा उतरला होता.

"आई, तिथी आणि तारीख दर एकोणीस वर्षांनी जुळते म्हणे." तिने फोन माझ्यासमोर धरला. "मी सहज बघत होते, एकाच दिवशी कशी आली म्हणून. मी आज एकोणीसची झाले. मी झाले त्या वर्षी पण नारळी पौर्णिमा अठ्ठावीस ऑगस्टलाच होती. पप्पा माझ्या आधी नाही गेले. त्याच दिवशी गेले ना?"

मी म्हटलं, "फोनवर काय पन लिवतात."

"आई!"

बारा वर्षं जपलेली भिंत फोनच्या एका पानाने पाडली. पुढचा प्रश्न कोणता येणार तो मला एसटीतल्यासारखाच ऐकू येत होता. तेवढ्यात सासू पानासमोरून उठली.

"मनिषा, आता तू गप ऱ्हा," ती म्हणाली. मला वाटलं, आलं. जे इतकी वर्षं हिच्या पोटात होतं ते आज पोरीच्या अंगावर येणार. मी दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिले. सासूने मला हाताने बाजूला सारलं.

"त्याच दिवशी गेला, पोरी. तुला बघाया येत व्हता. फोन मी केलता, हॉस्पिटलातनं. तुझी आय शुद्धीवर नव्हती." ती समीक्षाशी बोलत होती, पण बघत पानाकडे होती. "मी बोलले, शिवा, पोरगी झाली. तो येवढ्यानं वरडला की मी फोन कानापासनं लांब धरला. समद्या बंदराला सांगितलंन. मग इचारतो, आये, कोनासारखी हाय? मी बोलले, तुझ्यासारखीच काली. हसला. बोलला, मी निंगालो, माझ्या आदी तिला कोनाच्या हातात देऊ नको."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. समीक्षासारखीच मीही उभी राहून ऐकत होते.

"मी दिली नाय," सासू म्हणाली. "निरोप आयला तरी दिली नाय. दुसऱ्या दिवसापत्तुर मांडीवर घेऊन बसले."

मला ते आठवलं. माझी आई, माझ्या बहिणी बाळ मागत होत्या आणि ही बाई बोचकं छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती पोरीला काही करेल म्हणून मी खाटेवर पडल्या पडल्या रडले होते. तिचं बोलणं मीच बंद केलं, आणि वर तिलाच घाबरत राहिले.

समीक्षा खाली बसली. मी तिच्याजवळ गेले आणि इतक्या वर्षांचं पाठ केलेलं वाक्य बोलले, "तुझ्यामुळे नाय गो. तो कंटेनरवाला उलट्या बाजूनं आयला..."

"ते मला कळतं गं," ती म्हणाली. "मी काय दुसरीत आहे?" तिने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. "मला इतकी वर्षं वाटत होतं, पप्पांना मी माहीतच नाही. मी मुलगी की मुलगा, झाले की नाही झाले, काहीच माहीत नसताना गेले. मी दरवर्षी या पानाला नमस्कार करताना आधी माझं नाव सांगायचे, मनात."

एक दोष तिच्या वाटेला येऊ नये म्हणून मी तिचा अख्खा बाप उचलून ठेवला होता. पानावरचा वडा कधी गेला ते आम्हा तिघींपैकी कोणीच बघितलं नाही.

"आजी," समीक्षाने विचारलं, "फोन झाल्यावर ते किती वेळ गाडीवर होते?"

सासूने विचार केला. "करंजा ते गव्हान फाटा. वाटंत मिरवनुकीची गर्दी. तास झाला असंल."

"एक तास," समीक्षा म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली, आणि रडता रडता तिला हसू आलं. "आई, एक तास बाप होता की गं मला."