पिंपातलं शेवटचं डिझेल

आमच्याकडे निघालेलं तेलाचं जहाज अर्ध्या वाटेवरून कुणी वळवलं? मी बोलतोय, बाळंतिणींच्या दवाखान्यामागचा धाकटा जनरेटर. किती धडधडून विचारलं मी, पण यंत्राचं ऐकतं कोण?

आम्ही दोघे भाऊ एकाच कारखान्यात जन्मलो, एकाच ट्रकमधून इथे आलो. थोरला शांत. मी तापट, उठतानाच काळा धूर ओकणारा. वीज गेली की आधी तो राबायचा. तो दमला की मी.

मग दूर कुठे दोन देश भांडले आणि जहाजांची समुद्रातली वाट बंद झाली. वीजघराचं इंधन आटलं. तारा तासन्‌तास मुक्या. बाळंतिणींचे नातेवाईक माझ्याच भिंतीला टेकून बोलायचे.

"भांडण त्यांचं, अंधार आपल्याला का?"

"ज्याची थैली जड, त्याच्या दारी तेल. आपलं जहाज म्हणे दुप्पट भाव देऊन मधूनच पळवलं."

"बरोबर आहे. आपल्याला परवडतं ते एवढंच, वाट बघणं."

पेट्रोलपंप कोरडे पडले. आमची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीने कुठूनसं डिझेलचं पिंप आणलं, रॉकेलची भेसळ असलेलं. भाऊ ते मुकाट प्यायला. त्याचा घसा दाटला, त्याने एक आचका दिला आणि तो गेला. अजून शेजारीच आहे, छाती उघडी टाकून. मला आपलं वाटत राहतं, उठेल आता.

काल दुपारी मिस्त्रीच्या बहिणीला ऑपरेशनला आत घेतलं आणि वीज गेली. माझ्या टाकीचा तळ दिसत होता.

"मिस्त्री, दिवा जाता कामा नये. पोट उघडलंय तिचं," सिस्टर दारातून म्हणाली.

"पिंपातलं तेवढं उरलंय. ते घातलं तर हाही जाईल, सिस्टर."

"आणि नाही घातलं तर?"

मिस्त्रीने ते फडक्यातून गाळलं. माझ्या अंगावर हात ठेवला. "धाकट्या, एवढी वेळ निभाव रे."

वासावरूनच ओळखलं मी. भावाला खाल्लं ते ह्यानेच. वाटलं, सगळं मिस्त्रीच्या तोंडावर थुंकावं. पण त्याचा हात माझ्या अंगावरून हलला नाही. मी गिळलं.

बाळ रडलं. मिस्त्री आत धावायला निघाला.

"जनरेटरपासून हलू नका, टाके चाललेत अजून," सिस्टर ओरडली.

माझा घसा दाटू लागला होता. आतून काहीतरी खरवडत होतं. तरी शेवटचा टाका पडेपर्यंत मी आतला दिवा मंदावू दिला नाही.