पांढऱ्यावर पांढरी फुलं

वीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, त्यामुळे मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. सगळं कळत होतं.

नंदनवन भागातल्या एका हॉलमध्ये भर दुपारी भावना आणि प्रशिकचं बौद्ध पद्धतीनं लग्न होतं. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. भावनाच्या साडीवर पांढऱ्याच दोऱ्यानं फुलं भरलेली; तिच्या आईनं, मौदा गावच्या अंजनाबाईंनी, सहा महिने खपून भरली होती. अंजनाबाई आजारानं इतक्या वाळल्या होत्या की खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागायचा. तरी माझ्यापर्यंत आल्या.

"भाऊ, फुलं येतीन ना फोटोत?"

"येतीन ना मावशी. काहून नाही येणार?"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम दिसतो, म्हणजे उजेडाचा आलेख. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीच्या अलीकडे थांबला, तर पांढऱ्यातली बारीक सुरकुतीसुद्धा शाबूत राहते. भिंतीवर आदळला की तिथं नुसता कोरा कागद. मग कुठलाही कम्प्युटर आणा, काही परत येत नाही. पहिला फोटो मी अगदी बेतानं घेतला. एकेक पाकळी दिसत होती. भावनाचा चेहराही होता तसा सावळा आला.

नवऱ्याच्या आईनं, मायाबाईंनी, माझ्या खांद्यावरून पाहिलं.

"हे काय गा भाऊ, पोरगी पुरी काळी दिसून राहिली! अल्बम आमच्या घरी राहणार हाय. डिलीट मारा हा. उजळ काढा."

भावना दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं आणि मान खाली घातली. बाई, उजेड वाढवला तर साडीवरची फुलं जातील, एवढं मी म्हणू शकलो असतो. पण ऑर्डर त्यांची होती. मी डिलीटचं बटण दाबलं. मग उजेड वाढवला तो दिवसभर वाढवलेलाच ठेवला. डोंगर भिंतीवर आदळत राहिला, मी बघत राहिलो. "आता कशी शोभते!" मायाबाई म्हणाल्या. ती शाबासकी मला आवडली, हेही सांगून टाकतो.

दोन महिन्यांनी भावना महाल भागातल्या माझ्या दुकानात आली. एकटीच.

"आई गेली, भाऊ. साडी मी तिच्यावर पांघरली. तिनं भरलेलं तिच्यासंगच जाऊ दिलं. म्हटलं, फुलं फोटोत आहेतच."

मी फोटो उघडले. ती पदर मोठा करायला सांगत गेली, मी करत गेलो. "इथं मोगरा होता," पडद्यावर बोट टेकवत ती म्हणाली. "इथं जास्वंद." बोटाखाली काही नव्हतं.

मग ती हळूच म्हणाली, "तो पहिला द्या. ज्याच्यात मी काळी होती."

"मिटवला ना. तुझ्या सासूनंच सांगतलं होतं."

दोष मी तिथंही दुसऱ्यावर ढकलला. कॅमेऱ्यातल्या त्या मेमरी कार्डावर त्यानंतर पाच लग्नं काढून झाली होती; तो फोटो आता परत मिळणार नव्हता.

ती रडली असती तर पाणी तरी दिलं असतं. ती नुसती उठली आणि दारात थबकली. दुकानाच्या काचेत नमुना म्हणून मी तिचाच फोटो लावला होता, दीड हात उंच, गोरापान.

"हा काढून टाका, भाऊ."

"काढतो," मी म्हणालो.

अजून तिथंच आहे. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेल्या आया त्याच्यासमोर थांबतात. "आमची पोरगी इतकी गोरी येईन ना, भाऊ?"

"येईन ना मावशी," मी सांगतो.