मुंढ्यातून गेलेलं अक्षर

माझं अक्षर वाईट नाही, पण मला शब्द सोडून लिहिता येत नाहीत. शाळेत बाई ओरडायच्या, "अगं, दोन शब्दांत जरा बोटभर जागा ठेव!" माझी शिरोरेघ म्हणजे शिवणच, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. तेव्हा बाईंचं ऐकलं असतं तर घरावर ही वेळ आली नसती, असं मला रोज वाटतं.

मी कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन आणि कटिंगचं टेबल, मागे स्वयंपाकघर, वर माळा. एवढंच घर, तेही कर्ज काढून घेतलेलं. व्याज वाढत वाढत हप्ता दीडपट झाला आणि नेमका तेव्हाच आमच्या ह्यांच्या कारखान्यानं ओव्हरटाइम बंद केला. मी कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडे जो होता त्याला मी गोडबोल्या म्हणते. ताई, ताई करत तो म्हणाला, "नियमित भरणाऱ्यांना सवलत मिळत नाही हो. तीन महिने हप्ते भरू नका, मग अर्ज करा. हप्ता कमी होऊन जाईल."

फोन खांद्याशी दाबून धरत मी टेबलावरच्या खाकी कागदावर त्याचे शब्द, तारीख आणि त्याचा नंबर लिहून घेतला. तो कागद एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या मापाचा होता. फोन ठेवला आणि खुशीत मुंढा कापला, म्हणजे बाही जोडायची ती गोलाई. ह्यांना त्या दिवशी सुट्टी होती. मशीन डुगडुगतं म्हणून मी कुरकुर केली, तर ह्यांनी त्याच्या पायाखाली काहीतरी कोंबलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखा चहा मागितला.

चौथ्या महिन्यात अर्ज घेऊन गेले. दुसऱ्याच टेबलावरची बाई म्हणाली, "तुमचं खातं थकलंय, जप्तीला गेलंय. थकलेल्यांना सवलत नाही." मी तिन्ही हप्त्यांचं पाकीट तिच्यापुढे ठेवलं. त्यातली एकही नोट मी हलवली नव्हती. पण ती ते घेईना. म्हणे, आता सगळं कर्ज एकदम भरा, नाहीतर घर सोडा. गोडबोल्याचं नाव काढलं तर असं आमच्याकडे कोणी सांगतच नाही, आणि फोनचं रेकॉर्डिंग पुसलं गेलंय. घर विकावं तर कागदपत्रं त्यांच्या कपाटात. पैसे असून भरता येईनात, घर असून विकता येईना. मला असा संताप आला की त्या बाईचं टेबलच उलटं करावं. केलं नाही. पाकीट पर्समध्ये टाकलं आणि घरी आले.

प्रकरण कोर्टात गेलं. वकील परवडणारा नव्हता, म्हणून सुनावणीला मी कोटाचा कागद घेऊन एकटीच उभी राहिले. कंपनीच्या वकिलानं तो हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं, "तीन महिने हप्ते भरून मग अर्ज करा." मग माझ्याकडे बघून हसला. "आमच्या माणसानं योग्यच सांगितलंय की, ताई."

मी कागद त्याच्या हातातून हिसकावलाच. 'भरू नका'मधला ओळीच्या टोकाचा 'का' मुंढ्यातून कापला गेला होता, आणि उरलेला 'न' माझ्या त्या मेल्या शिरोरेघेनं 'भरू'ला चिकटला होता. इतके महिने मी तो कागद रोज वाचत होते आणि रोज मला तिथे 'नका'च दिसत होतं.

न्यायाधीशबाईंनी कागद उजेडात धरला. "रेघ कापलेल्या कडेपर्यंत गेलेली दिसते," त्या म्हणाल्या. "तो तुकडा आणा. मिळाला तर मी त्या कर्मचाऱ्याला साक्षीला बोलावते. आठवड्याची मुदत देते."

कापलेला कागद मी टाकत नाही, खिशांचे आणि कॉलरचे साचे त्यातूनच निघतात. आठवडाभर मी चिंध्यांच्या गोण्या उपसल्या, माळा पालथा घातला, साचा चुकून आत शिवला गेला असेल म्हणून गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन शिवलेल्या कॉलरीसुद्धा चाचपून पाहिल्या.

"तुम्ही कुठे ठेवला नाहीत ना?" मी ह्यांना विचारलं.

"मी कशाला हात लावतोय तुझ्या कागदांना?" हे म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं.

मधल्या वेळात मी मशीनवर बसून कामं उरकत होते. मशीन झकास चालत होतं.

तुकडा मिळाला नाही. निकाल विरुद्ध गेला. वर दाद मागायची तर आधी निम्मं कर्ज जमा करा, असा नियम निघाला. ते असतं तर इथवर आलो असतो का?

ताबा घ्यायला कंपनीचा माणूस कुलूप आणि यादी घेऊन आला. भांडीकुंडी, कपाट, पलंग, सगळं बाहेर गेलं. शेवटी राहिलं मशीन. एका बाजूनं हमालानं धरलं, दुसऱ्या बाजूनं ह्यांनी. ते उचललं आणि फरशीवर तेलानं काळी पडलेली एक खाकी घडी राहिली.

मी खाली बसले. घडी उलगडली. कड गोल होती, मुंढ्याची. कडेपासून थोडी रेघ आणि तिच्याखाली एकच अक्षर. ह्यांनी मशीन तसंच हातात धरून ठेवलं होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"काय सापडलं? काय लिहिलंय त्यावर?" यादीवाल्यानं विचारलं.

"का," मी म्हणाले.

तो वैतागला. "का म्हणजे? हप्ते भरले नाहीत म्हणून. चला, बाहेर व्हा, मला कुलूप लावायचंय."