ताईच्या स्मृतीस

धाकटीचं जावळ काढल्यापासून तिचे केस मीच कापत आले आहे. त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते मला तिच्या मानेवरून कळतं. पुरस्काराच्या दिवशी दुपारी ती माझ्या पार्लरच्या खुर्चीत येऊन बसली, तेव्हा तिची मान नुसती दगड झाली होती.

"सैल सोड गं जरा. पुरस्कार मिळालाय, फाशी नाही झालेली."

"ताई, तू नाही आलीस तरी चालेल हं," ती आरशातल्या मला म्हणाली. "नुसती भाषणं असतात. कंटाळशील."

"कंटाळेन की. दुसऱ्यांच्या भाषणांना कंटाळते, तुझ्या भाषणाला कंटाळायला काय झालं?"

"आणि जागा मागेच असेल. पुढे सगळे निमंत्रित."

"मागे बसेन. नाहीतर उभी राहीन. आता गप्प बस, कात्री कानापाशी आहे."

ती गप्प बसली. मला वाटलं, घाबरली आहे बिचारी.

आमची आई गेली तेव्हा धाकटी जेमतेम बोलायला लागली होती आणि मी शाळेत होते. घरात कोणीतरी हवं होतं, म्हणून दोघींपैकी एकीची शाळा सुटली. कोणाची ते सांगायला नकोच. धाकटीला आई आठवत नाही. तिच्याजवळ जी आई आहे ती सगळी माझ्याकडून घेतलेली. तिची वेणी घालताना मी सांगत बसायचे: आई हसताना तोंडावर हात कसा धरायची, शिंकली की मांडणीवरची भांडी कशी वाजायची, रागावली की बोलणं बंद करून आमचे कपडे कशी दोनदोनदा धुवायची. पुढे त्याच गोष्टींचं धाकटीनं पुस्तक केलं. शाळा सुटली तरी माझं वाचणं सुटलं नव्हतं. गिऱ्हाइकांसाठी घेतलेल्या मासिकांचा फडशा आधी मीच पाडते. हे पुस्तक तर मला पाठच झालं. त्याचं पहिलं पान मी पार्लरमध्ये येईल त्या बाईसमोर धरत होते, केसांना रंग लावलेला असला तरी. पानावर एवढंच होतं:

ताईच्या स्मृतीस.

"म्हणजे तुझ्या स्मरणशक्तीला," धाकटीनं तेव्हा मला समजावलं होतं. "तुला आठवलं नसतं तर मी काय लिहिणार होते, कपाळ?"

त्या रात्री मी उशी भिजवली. मला आजवर कोणी वाढदिवसाचा केकही नीट नाव घालून दिलेला नाही. गिऱ्हाइकांपैकी एक निवृत्त शिक्षिका मात्र ते पान वाचून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही तिघी बहिणी का?" मी म्हटलं, दोघीच. त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं, आणि मी त्यांच्या भुवया करायला घेतल्या.

पुरस्काराचं कौतुक होतंच. पण मी त्या सभागृहाच्या पायऱ्या चढले ते एका वाक्यासाठी. भरल्या सभेत, माइकवरून, धाकटीनं म्हणावं, ही माझी ताई. बस्स. पुढे भाषण काय करायचं ते करू दे.

आत गर्दी बरीच होती. मी मागचा कोपरा शोधत होते, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एका बाईंनी हात केला. "या हो, इथे या. माझ्या मैत्रिणीला ताप आलाय, जागा फुकट चाललीय." मी जाऊन बसले. बाईंच्या मांडीवर धाकटीचं पुस्तक होतं, पानापानात चिठ्ठ्या खोचलेलं.

"वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"वाचलं म्हणजे काय, पाठ आहे."

"मी किती रडले म्हणून सांगू! आणि ती अर्पणपत्रिका! तीनच अक्षरांत... म्हणजे दोनच शब्द, पण मी तिथेच पुस्तक मिटलं. उठून चहा केला. मग पुढे वाचायचं बळ आलं."

माझी छाती अशी फुगली की ब्लाउजचं बटण जातंय का राहतंय. "छान आहे ना?" मी म्हटलं.

"छान?" बाई माझ्याकडे बघायला लागल्या. "अहो, काळजाला घरं पडतात."

मी सांगणारच होते, की ती ताई म्हणजे मीच. पण तेवढ्यात दिवे मंद झाले आणि निवेदिकेनं सुरुवात केली.

परीक्षक मंडळाचे अध्यक्ष बोलायला उठले. आवाज चांगला होता माणसाचा, आणि त्यांना ते माहीत होतं. पुस्तकाबद्दल बोलले, भाषेबद्दल बोलले, मग म्हणाले, "आणि या सगळ्या गोष्टींमागे उभी आहे ती लेखिकेची थोरली बहीण. जिनं स्वतःची शाळा सोडून आईची जागा घेतली." मी ताठ बसले. पर्स मांडीवरून खाली ठेवली. बोलावतील, असं वाटलं. मोकळे हात असलेले बरे.

"दुर्दैवानं," अध्यक्ष म्हणाले, "त्या आज आपल्यात नाहीत."

मला वाटलं, यांचा समज झालाय की मी आलेच नाही. मागे बसेन म्हटलं होतं ना धाकटीला, तिथे दिसले नाही म्हणून तिनंच सांगितलं असेल. मी हात अर्धा वर केला. आहे, आहे, आलेय मी. शेजारच्या बाईंनी तो हात हळूच धरून खाली घेतला आणि थोपटला.

"पुस्तकाच्या पहिल्याच पानावर हे दुःख आपल्याला भेटतं. ज्या माउलीच्या स्मृतीस हे पुस्तक अर्पण आहे, तिला आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहू या."

खुर्च्यांचा खडखडाट झाला. सगळं सभागृह उभं राहिलं. सगळे उठले की आपण उठतो, तशी मीही उठले. आणि उभी राहिल्यावर मला कळलं, की मी मेले आहे.

कानात हवा भरल्यासारखं झालं. हाताची बोटं माझी नाहीतच असं वाटायला लागलं. एवढी माणसं, कोणी खोकतसुद्धा नव्हतं. आईच्या वेळीही इतकी शांतता नव्हती. तेव्हा निदान धाकटी भोकाड पसरत होती. मला ओरडावंसं वाटलं. पण माणसं स्तब्ध उभी असताना ओरडायचं कसं, आणि तेही आपल्याच आदरांजलीत? माझ्यातली शिस्तीची बाई मला ओरडू देईना.

मी व्यासपीठाकडे पाहिलं. म्हटलं, धाकटी बोलेल. तिलाही माझ्यासारखाच धक्का बसला असणार. बुजरी आहे, शांतता संपली की माइक घेईल आणि सांगेल.

धाकटी मान खाली घालून, हात जोडून उभी होती. अध्यक्षांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच ती खुर्चीतून उठली होती, हे मला तेव्हा आठवलं. धक्का बसलेला माणूस इकडेतिकडे बघतो. ती कुठेच बघत नव्हती. तिला हे ठाऊक होतं. आजचं नाही, आधीपासूनचं. तू नाही आलीस तरी चालेल. जागा मागेच असेल.

मेले म्हटल्यावर बसला नव्हता तो धक्का मला आता बसला.

मंडळी बसली. टाळ्यांत स्मृतिचिन्ह दिलं गेलं. निवेदिका म्हणाली, "आता लेखिकेचं मनोगत." धाकटी माइकपाशी आली, घडी केलेला कागद उघडला आणि वाचायला लागली.

"ताई आज असती तर..."

तिनं वर पाहिलं. एवढ्या बसलेल्या माणसांत एकटी मी उभी होते. मुद्दाम नव्हे हो. गुडघ्यांना वाकायचं कसं तेच आठवत नव्हतं. मागून कोणीतरी "शुक शुक" केलं. शेजारच्या बाई माझी बाही ओढत पुटपुटल्या, "अहो, बसा ना, मागच्यांना दिसत नाही."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलले, आणि माइकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं:

"ताई, बस ना खाली."

पाठीमागे कोणीतरी हुंदका दिला. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे टिपले. शेजारच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. "ऐकलंत? बिचारीला अजून समोर दिसते हो ती!" टाळ्या सुरू झाल्या, आधी पुढे, मग मागे, मग वरच्या सज्जातून पावसासारख्या.

धाकटी माझ्याकडे बघत होती. ही नजर माझ्या ओळखीची. शेजाऱ्यांची खिडकी फोडल्यावर हीच नजर, गणितात नापास झाल्यावर हीच. तू सांभाळून घे. आणि मी दर वेळी मान डोलावलेली आहे. आताही फार काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. मी बसले की ती सुटली. हे सगळे डोळे पुसत चहाला गेले असते. माझा तिच्यावर इतका जीव आहे, की गुडघे खरंच वाकायला लागले.

मग मी ते सरळ केले आणि मान हलवली. नाही.

टाळ्या थांबायची तिनं वाट पाहिली. कागदाची घडी घातली. "माफ करा," ती म्हणाली. "मला दिसतेय म्हणजे... ती खरंच आहे. तिसऱ्या रांगेत. उभी आहे बघा. ही माझी ताई."

ज्यासाठी आले होते ते वाक्य ऐकलं मी. शब्दन् शब्द तेच. अंगावर गार पाणी ओतावं तसं ऐकलं.

"जिवंत आहे. पार्लर चालवते. स्मृती म्हणजे मला तिची स्मरणशक्ती म्हणायचं होतं. पहिल्यांदा मुलाखतीत कोणीतरी हळहळून विचारलं, ताई केव्हा गेल्या, आणि मला सांगताच आलं नाही. तो माणूस रडत होता हो. मग सगळेच विचारायला लागले."

माना वळल्या. इतके चेहरे एकदम माझ्याकडे कधी वळले नव्हते. वरच्या सज्जात काही जणांपर्यंत अजून काही पोचलं नव्हतं, त्यांच्या टाळ्या नळ नीट बंद न केल्यासारख्या थेंब थेंब गळत राहिल्या.

शेजारच्या बाईंनी माझी बाही विस्तवासारखी सोडली. "तुम्ही? आणि इतका वेळ बोलला नाहीत?"

"सांगणारच होते, तेवढ्यात दिवे..."

"मी तुमच्यासाठी रडले हो!" जणू मी त्यांची आसवं खिशात घालून निघाले होते. त्यांनी पर्स उचलली आणि दोन खुर्च्या सोडून जाऊन बसल्या.

व्यासपीठावर अध्यक्षांनी निवेदिकेकडे झुकून विचारलं, "पुरस्कार पुस्तकाला आहे ना? की परत घ्यायचा?" माइक चालूच होता. निवेदिकेनं घाईघाईनं चहापान जाहीर केलं. कार्यक्रमपत्रिकेत ते बरंच नंतर होतं.

लोक उठले, पण बाहेर जाताना मुद्दाम माझ्या रांगेवरून गेले. एका आजोबांनी माझ्या खांद्याला बोट लावून पाहिलं. तोवर मला खाली बसायला जमलं होतं.

धाकटी व्यासपीठावरून उतरली आणि बाईंनी रिकाम्या केलेल्या खुर्चीत येऊन बसली. स्मृतिचिन्ह कुठे ठेवावं तिला कळेना, पायाशी ठेवलं.

"ताई, बोल ना काहीतरी."

पार्लरमध्ये माझ्या तोंडाला कुलूप घाला म्हणतात लोक. आता मी वाकून ते स्मृतिचिन्ह नीट उभं केलं.

"शिव्या दे हवं तर."

"कशानं गेले मी?"

"काय?"

"लोकांनी विचारलं असेल ना. काय सांगितलंस?"

"नको ना गं."

"सांग."

तिचे डोळे भरून आले. "झोपेत," ती म्हणाली. "झोपेतच गेलीस. तुला काही त्रास होऊ दिला नाही मी. मी उशाशीच होते."

हसू यावं असं होतं ते. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी पोट धरून हसले असते. वाट पाहिली, पण आलं नाही.

"आणि मग तू काय केलंस?"

"रडले. खूप रडले." तिनं नाक पुसलं. "ते खोटं नाही हं, ताई. सांगताना दर वेळी खरंच रडू यायचं."

मला ते पटलं, आणि अंगावर काटा आला.

चहाचा ट्रे घेऊन एक माणूस आला. तिला कप दिला आणि माझ्यासमोर जरा घुटमळला, द्यावा की नाही असा. मी आपणहून कप उचलला आणि तसाच ओठाला लावला. "आई गं!" तोंडून निघालंच. सणसणीत भाजलं होतं.

धाकटीनं झटकन माझ्या हातातून कप काढून घेतला आणि फुंकर घालायला लागली. मी तिला घालू दिली.