मोटेचे चाक आणि अजरामर गाणे

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. विहिरीतून मोटेने पाणी काढत, तेव्हा मोटेचा जाड दोर ज्याच्यावरून फिरायचा, ते लाकडी चाक. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा मऊ आवाजात बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. परवा जळकोटच्या रस्त्याकडेच्या मांडवातून कर्ण्यावर कोणीतरी ओरडले, "आता ऐका आपल्या भागातलं एक अजरामर गीत." पाठोपाठ जे गाणे आले, ते माझ्या ओळखीचे होते. ते कसे जगले आणि कोणामुळे मेले, हे मला जवळून ठाऊक आहे. म्हणून मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या दुसऱ्या वर्षी झाला. निजामाचे राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते. तुळजापूरच्या अलीकडे, जळकोटला लागून, बागायतदार हिंमतरावांचे गाव आहे. तिथल्या मल्लिनाथ सुताराने वाळलेली बाभूळ कापून मला घडवले, लोखंडी कण्यात बसवले आणि हिंमतरावांच्या मळ्यातल्या विहिरीवर चढवले. त्या दिवशी मला हळदकुंकू लागले. मोठेपणा मिळाला की चढतो, तसा तो मलाही चढला. पण पहिली मोट वर आली, तेव्हाच मला कळले की त्या विहिरीवर मी दुय्यम होते. तिथे खरे काम गाणे करत होते.

ते कसे, हे तुम्हाला सांगायला हवे, कारण तुम्ही मोट पाहिली नसेल. विहिरीसमोर उताराची वाट असते, तिला धाव म्हणतात. बैलजोडी धावेने खाली उतरते, दोर माझ्यावरून ओढला जातो आणि चामड्याची भरलेली मोट वर येऊन पाणी ओतते. तेवढे कोणताही बैल करतो. अवघड काम पुढचे. मोट पुन्हा आत सोडायची तर बैलांना तोंड न फिरवता, मागे मागे पावले टाकत धाव चढावी लागते. मागचे त्यांना दिसत नाही. मागे विहीर आहे, एवढे मात्र पक्के ठाऊक असते. सांगा, तुमच्यापैकी कोण असा चालेल?

हिंमतरावांचे बैल चालायचे. एकाचे नाव हरण्या, दुसऱ्याचे गुलब्या. त्यांना हाकणारा ज्ञानोबा हा हिंमतरावांकडे सालाने राहिलेला गडी होता. हातात आसूड असायचा, पण तो बैलांच्या पाठीला लागलेला मी कधी पाहिला नाही. मोट रिकामी झाली की ज्ञानोबा गळा मोकळा सोडायचा,

"या माघारी, माझ्या लेकरांनो, हीर वाट बघती..."

ओळ सुरू झाली की बैल मागे निघायचे आणि ओळ संपली की थांबायचे. धाव जेवढी लांब, तेवढीच ती ओळ लांब. ज्ञानोबाने ती त्याच धावेवर मोजून बसवली होती. थोडी आखूड झाली तर बैल अर्ध्यात अडायचे आणि जास्त लांबली तर थेट विहिरीत जायचे. त्यांचा जीव त्या ओळीवर होता. गाणे कशाला म्हणतात, ते मला तिथे कळले. बारा वर्षे मी त्याला कुरकुर करत साथ दिली आणि त्या पाण्यावर ऊस, मिरची आणि कांदा पिकला. त्या काळात त्या गाण्याला अजरामर कोणी म्हटले नाही. कोणाला तेवढी सवड नव्हती.

मग आमच्या गावाला गाण्याची किंमत कळली. म्हणजे गाणे संपवायचे ठरले. हिंमतरावांनी तेलावर चालणारे इंजिन आणले. ते विहिरीवर बसवण्याआधी साऱ्या पंचक्रोशीला दाखवावे, म्हणून शाळेच्या मैदानात शेतकी प्रदर्शन भरवायचे ठरले. शाळेतले दत्तोपंत गुरुजी समारंभाच्या पुढे होते. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना कोणतीही साधी गोष्ट साधी म्हणून बघवत नसे. त्यांनी मळ्यात येऊन गाणे ऐकले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हिंमतराव, हे गाणं अजरामर आहे," ते म्हणाले. "विहीर म्हणजे परमात्मा. जीवानं शेवटी त्याच्याकडंच माघारी जायचं. काय अर्थ आहे पहा."

ज्ञानोबा पाटाशी हात धूत होता. तो म्हणाला, "गुर्जी, म्या तर बैलांसाठी म्हनतो."

"अरे, तुला कळत नसेल, पण तुझ्या तोंडून ते आलंय," गुरुजी म्हणाले.

त्यांनी गाणे उचलले. 'लेकरांनो' काढून तिथे 'जीवांनो' घातले. शाळेच्या मुली बसवल्या, पेटी आणली. मुली गोड गायच्या, त्यांच्यावर माझा राग नाही. पण गाणे संथ झाले आणि शेवटच्या शब्दावर लांबच लांब आलाप आला. कोणाच्या धावेचे माप त्यात उरले नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मला विहिरीवरून काढून मैदानात नेले. दोन बल्ल्यांवर मला बसवून खाली गोणपाटाची खोटी विहीर केली आणि हरण्या-गुलब्याला झुली घालून, शिंगे रंगवून माझ्या दोराला जुंपले. देखावा म्हणून. देखाव्याच्या मागेच व्यासपीठ होते. त्यावर पाहुणे बसले होते आणि शेजारी हार घातलेले इंजिन उभे होते. ज्ञानोबा बैलांपाशी नव्हता. त्याचा सत्कार व्हायचा होता, म्हणून त्याला नवा फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर बसवले होते. त्याचा ऊर अभिमानाने भरून आला होता. बैलांचे त्याच्याही ध्यानात आले नाही. मैदानात विहीर नाही, पाणी नाही, मग गाणे कसले खरे, असेच त्याला वाटले असेल.

मुलींनी सुरू केले, "या माघारी..."

बैलांचे कान हलले. एक पाऊल मागे पडले, मग दुसरे. लोकांना वाटले, देखाव्यातच आहे. टाळ्या पडल्या. ओळ संपायची ती संपेना, पेटीवर आलाप चालला, आणि बैल इमानाने मागे येत राहिले. त्यांनी गोणपाट तुडवला, बल्ल्या पाडल्या, मी जमिनीवर आदळले आणि माझ्या अंगाला तडा गेला. तरी आलाप चालूच. बैल व्यासपीठाला भिडले, टेबल उलटले, पाहुण्यांच्या तोंडचे पाणी पळाले. इंजिन कलंडले तेव्हा कुठे गुरुजींनी पेटीवरचा हात काढला आणि ओळ संपली. त्याच क्षणी बैल थांबले आणि शांतपणे उभे राहिले. सांगितलेले काम त्यांनी पुरे केले होते.

त्या सगळ्या मैदानात गाणे दोघांनीच ऐकले होते. बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवल्या. आणि मार कोणाला बसला, तर त्या दोघांना. ज्ञानोबा धावत येईपर्यंत चार जणांनी काठ्या घातल्या होत्या.

हिंमतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्ञानोबा, तुझं गाणं लई महागात पडलं. फेटा सोड आन् बैलं घराकडं ने."

ज्ञानोबाने फेटा सोडला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. "मालक, आता ह्या तोंडातून गाणं निघायचं न्हाय," तो म्हणाला.

इंजिन दुरुस्त होऊन विहिरीवर बसले. हिंमतरावांनी बैल, मोट, दोर आणि मी, सगळे एकदमच जळकोटच्या गुंडाप्पाला विकून टाकले. गुंडाप्पाचे घर कानडी बोलणारे, जमीन थोडी, विहीर खोल. नवा कांदा लावला होता आणि त्याला पाणी हवे होते. पहिल्या सकाळी बैल धावेने खाली उतरले, मोट भरून वर आली आणि तिथेच सगळे अडले. बैल मागे येईनात.

"हिंदक बा, हिंदक बा," गुंडाप्पा ओरडला. मागे या, असा त्याचा अर्थ. बैलांना त्याची भाषा कळत नव्हती, आणि कळली असती तरी मैदानातल्या काठ्यांनंतर त्यांना मागे यायची भीती बसली होती. गुंडाप्पाने आसूड काढला. हरण्याच्या पाठीवर वळ उठले, गुलब्याच्या नाकातून रक्त आले. दोन दिवस हेच चालले. कांदा माना टाकायला लागला. गुंडाप्पा क्रूर नव्हता, पण घाबरलेला माणूस जनावराला किती मारतो, हे मी तेव्हा पाहिले आणि तो दोर तोडायला मला लोखंडाचे दात असते तर बरे झाले असते, असे वाटले. शेवटी तो बायकोला म्हणाला, "या बाजाराला खाटकाला देतो. दुसरं काय करू."

बायकोने त्याला आधी ज्ञानोबाकडे धाडले. तो रिकाम्या हाताने परतला. ज्ञानोबा त्याच्याशी बोललाच नव्हता, भिंतीकडे तोंड करून बसून राहिला होता. मला ज्ञानोबाचाही राग आला. अपमान त्याचा झाला, हे खरे. पण त्याच्या अबोल्याचा आसूड कोणाच्या पाठीवर पडत होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून एक बाई आली. ती ज्ञानोबाची बायको विठाबाई. तिच्यामागून मान खाली घालून ज्ञानोबा येत होता. विठाबाई आधी बैलांपाशी गेली. वळांवरून तिने हात फिरवला आणि नवऱ्याकडे वळली.

"बगा हितं," ती म्हणाली.

"म्या शबूद दिलाय," ज्ञानोबा म्हणाला.

"कुनाला दिला? हिंमतरावाला? त्येनं गाणं कवा मागितलं हुतं? अवो, गाणं तुमचं न्हाय. ह्या दोघांचं हाय. त्येंचं त्येंला देऊन टाका, मंग बसा गप जलमभर."

ज्ञानोबाने पायातल्या वहाणा काढल्या. मग धावेवर आला, बैलांच्या कपाळावर हात ठेवला आणि गायला. गुलब्याने पाऊल मागे टाकले, मग हरण्याने, आणि मी फिरले. पण गुंडाप्पाची धाव लांब होती. ओळ संपली तरी विहीर दूरच होती. मग ज्ञानोबाने ओळीत दोन शब्द वाढवले, उभ्या उभ्या. मोट पाण्याला टेकली.

आठवडाभर तो रोज येऊन गुंडाप्पाला शिकवत राहिला. गुंडाप्पाच्या जिभेवर मराठी वळेना. 'माझ्या लेकरांनो' म्हणायला गेला की तोंडून यायचे 'नन्न मक्कळे'. अर्थ तोच, भाषा त्याची.

"चुकतंय का हो, मामा?" तो विचारायचा.

"बैल येत्यात न्हवं? मंग बराबर हाय," ज्ञानोबा म्हणायचा.

म्हणजे मित्रांनो, शब्द बदलले, भाषा बदलली, लांबी बदलली, गाणारा बदलला. तरी गाणे जिवंत होते, कारण ते ऐकून कोणीतरी निर्धास्त मनाने मागे पाऊल टाकत होते. आणि तिकडे दत्तोपंतांच्या समारंभात एक अक्षर न हलवता ते दरसाल गायले जात होते. त्याला ते अजरामर म्हणत. पेटीत घडी करून ठेवलेल्या कपड्याला कोणी जिवंत म्हणते का?

पुढे जे व्हायचे तेच झाले. ज्ञानोबा गेला. गुलब्या म्हातारा होऊन गेला. गुंडाप्पाच्या विहिरीवरही इंजिन आले. इंजिनाचा मला राग नाही. त्याने गुंडाप्पाची पाठ वाचवली, बैलांचीही वाचवली. गुंडाप्पाने हरण्याला मात्र विकले नाही. गोठ्यापुढच्या लिंबाला तो बांधलेला असायचा आणि मी जवळच भिंतीला टेकून पडलेले असायचे.

एका दुपारी इंजिन बंद होते. गुंडाप्पा मोरीवर पाय धूत होता आणि त्याच्या ओठांवर सहज ती ओळ आली, "या माघारी, नन्न मक्कळे..." हरण्या उठला. गुडघे थरथरत होते. तो मागे सरकू लागला, दावे ताणले गेले, गळ्याला फास बसला, तरी तो मागे रेटत राहिला. गुंडाप्पाची नजर गेली आणि तो अर्ध्या ओळीत गप्प झाला. पण ओळ पुरी झाली नव्हती, म्हणून बैल थांबेना. शेवटी गुंडाप्पा ओल्या पायांनी धावत गेला, त्याच्या मानेला मिठी घातली आणि कानाशी उरलेली ओळ पुरी केली. तेव्हा हरण्या थांबला. त्यानंतर गुंडाप्पाने ते गाणे पुन्हा म्हटले नाही. त्या हिवाळ्यात हरण्याही गेला.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासमोर कोणी अजरामर हा शब्द काढू नका. गाण्याला मरण नाही, असे एकदा ठरवले की त्याची काळजी घ्यायला कोणी उरत नाही. सगळे टाळ्या वाजवून हात झटकतात. तुमच्या घरात कोणी कोणासाठी काही गात असेल, बाळासाठी, गाईसाठी, आजाऱ्यासाठी, तर ते त्याच्यासमोर बसून गा. त्याला उपयोगी पडेल असे खुशाल बदला, मोडा, वाढवा. आणि तेवढे होणार नसेल, तर निदान ते मेले, एवढे खरे तरी सांगा. ओळ संपली हे कळेपर्यंत मागे रेटत राहिलेल्या हरण्याला तेवढे तरी तुम्ही देणे लागता.